कादंबरी किनाऱ्यावर केव्हा उतरणार?

(अलिबाग येथे एका वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या हातून मी पहिली ऐतिहासिक कादंबरी घरी नेली. तेव्हा मी आठवीत होतो. पुस्तक आठ दिवसांत परत करायचा नियम होता. ‘श्रीमान योगी’ची जाडी आणि माझं वय बघून गुरुजींनी कार्डावर पंधरा दिवसांची तारीख घातली आणि म्हणाले, “वाचून झालं की ओहोटी बघून किल्ल्यात जाऊन ये.” मी गेलो. गुडघाभर पाण्यातून, चपला हातात घेऊन, आपण सगळेच जातो तसा. डोक्यात राजगड, प्रतापगड, रायगड घोळत होते आणि पायाखाली ओली वाळू सरकत होती. कुलाबा किल्ल्याच्या तटाला हात लावला तेव्हा कालवांचे काठ बोटाला लागले आणि रक्त आलं. पुस्तकातल्या कुठल्याच किल्ल्याला कालवं चिकटलेली नव्हती. हा फरक माझ्या मनातून कधी गेला नाही. आज जे बोलणार आहे त्याची सुरुवात तिथे आहे.

मराठी ऐतिहासिक कादंबरी डोंगरावर जन्मली आणि बहुतेक डोंगरावरच राहिली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 साली आली. ती मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, आणि तिच्या नावातच गड आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’च्या नावातही गड आहे. पुढे नाथमाधवांची स्वराज्यमाला आली, वि. वा. हडपांची पेशवाई आली. 1962 मध्ये रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने शनिवारवाडा आणि थेऊर घराघरांत पोहोचवलं. ना. सं. इनामदारांनी बाजीराव दिला, विश्वास पाटलांनी ‘पानिपत’ दिलं. या कादंबऱ्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते मी मोकळेपणाने मानतो. पण या साऱ्या पसाऱ्यात समुद्र किती आहे? गो. नी. दांडेकरांनी ‘दर्याभवानी’ लिहिली, कान्होजी आंग्र्यांवर काही प्रयत्न झाले. तेवढे सोडले तर ज्या राजाने आरमार उभारलं त्याच्यावर हजारो पानं लिहिणाऱ्या भाषेत शिडाच्या दोरखंडाची गाठ कशी मारतात, हे सांगणारं पान शोधावं लागतं.

कारण उघड आहे. लिहिणारे बहुतेक पुण्याचे, देशावरचे. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या घरांतून आलेले. ज्यांना दर्या ठाऊक होता त्यांच्या हातात लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हातात लेखणी होती ते बोटीत बसले तर उलटी होईल म्हणून काठावर थांबणारे. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण शंभर-दीडशे वर्षं झाली, आता तरी हिशेब मांडायला हवा.

अमेरिकेकडे पाहा. तिथेही ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात, आपल्यासारखीच, स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या सावलीत झाली. पण जेम्स फेनिमोर कूपर तरुणपणी व्यापारी जहाजावर आणि मग अमेरिकेच्या आरमारात राहिलेला माणूस होता. स्कॉटच्या ‘द पायरेट’मधल्या समुद्राची लोक वाहवा करत होते, ती त्याला पटेना. हे जमिनीवरच्या माणसाचं लिखाण आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्या हट्टापायी त्याने 1824 मध्ये ‘द पायलट’ ही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली आरमारी कादंबरी प्रसिद्ध केली. पुढे मेलव्हिल स्वतः देवमासे मारणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि 1851 मध्ये ‘मोबी डिक’ घेऊन आला. ज्याने डोलकाठीवर चढून हात सोलून घेतले, त्यानेच समुद्र लिहिला. आपल्याकडे नेमकं हेच झालं नाही.

पण अनुभव नसला तर लिहूच नये, असं मी म्हणत नाही. स्टीफन क्रेनचं उदाहरण त्याच्या उलट आहे. तो जन्मला 1871 मध्ये, म्हणजे आपली ‘मोचनगड’ आली त्याच वर्षी. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 मध्येच संपलं होतं. क्रेनने ती लढाई पाहिलीच नव्हती. त्याने जुन्या सैनिकांच्या आठवणी वाचल्या, त्यांचं बोलणं ऐकलं, आणि 1895 मध्ये ‘द रेड बॅज ऑफ करेज’ लिहिली. तिच्यात सेनापती जवळजवळ नाहीत. एक कोवळा पोरगा आहे, जो पहिल्या लढाईत घाबरून पळतो आणि पळाल्याची लाज घेऊन परत येतो. लढाईचं नावसुद्धा लेखक सांगत नाही. पोराला ते ठाऊक नसतं, म्हणून. मराठीत घाबरून पळालेल्या मावळ्यावर कुणी कादंबरी लिहील का? लिहिली तर आपण ती वाचू का? हा प्रश्न आपल्या शौर्याबद्दल नाही. पळावंसं वाटूनही जो उभा राहिला त्याचं मोल आपल्याला कळतं का, याबद्दल आहे.

असा माणूस आपल्या जिल्ह्यात होऊन गेला आणि त्याने स्वतः लिहूनही ठेवलं. पेण तालुक्यातलं वरसई गाव. तिथले भिक्षुक विष्णुभट गोडसे 1857 मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले. घरावर कर्ज होतं, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात मोठी दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत महूच्या आसपास शिपायांनी सांगितलं की थोड्याच दिवसांत बंड होणार, पुढे जाऊ नका. हे दोघे पुढे गेलेच. झाशी पडली तेव्हा, 1858 च्या एप्रिलमध्ये, गोडसेभटजी झाशीतच होते. त्यांनी कत्तल पाहिली, लूट पाहिली, आणि लपून बसलेल्या माणसाला तहान कशी लागते तेही पाहिलं. काल्पीच्या वाटेवर विहिरीकाठी धुळीने माखलेली झाशीची राणी त्यांना भेटली. ते पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदू नये म्हणून तिने त्यांना थांबवलं. मिळवलेला पैसा बहुतेक लुटला गेला, पण आईवडिलांसाठी घेतलेली गंगेची कावड मात्र त्यांनी वरसईला आणली. हे पुस्तक म्हणजे ‘माझा प्रवास’. चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 मध्ये छापलं, पण भाषेवर हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये दिला.

मी हे पुस्तक दर पावसाळ्यात एकदा वाचतो. त्यात विष्णुभट शूर नाहीत आणि तसं दाखवतही नाहीत. दक्षिणा किती मिळाली, कुठे काय जेवलो, कुठे भीतीने पोटात गोळा आला, सगळं सांगतात. राणीवर कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि तिच्या इतिहासाचा शोध घेणाऱ्या पुढच्या माणसांना या मजकुराचा आधार घ्यावा लागला. अमृतलाल नागरांनी तो हिंदीत नेला. क्रेनला जे जुन्या सैनिकांकडून गोळा करावं लागलं, ते वरसईच्या भिक्षुकाने मराठीला फुकट देऊन ठेवलं. आणि वरसईचं नाव घेतलं की दुसरं नाव आपसूक येतं, वि. का. राजवाड्यांचं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापणारा हा माणूसही त्याच गावचा. एका गावाने युद्ध पाहिलेला साक्षीदार दिला आणि कागद शोधणारा संशोधकही दिला. तिसरा माणूस, कादंबरीकार, अजून यायचा आहे.

आता किनाऱ्याकडे वळतो. मला तीन ठिकाणी कादंबरी दिसते. तिन्ही तुमच्या रोजच्या वाटेवर आहेत.

पहिली खांदेरी. 1679 च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या या बेटावर किल्ला बांधायला माणसं उतरवली. मायनाक भंडारी तिथे होता, दौलतखान आरमार घेऊन होता. इंग्रजांनी आपली जहाजं पाठवली. 18 ऑक्टोबर 1679 रोजी झालेल्या चकमकीत त्यांचं ‘डव्ह’ नावाचं तरांडं मराठ्यांच्या हाती लागलं. कोंडीच्या दिवसांतला इंग्रजांचा पत्रव्यवहार वाचण्यासारखा आहे. रात्रीच्या अंधारात वल्ह्याच्या लहान होड्या थळच्या किनाऱ्याहून निघतात, त्यांच्या जड जहाजांना उथळ पाण्यात येता येत नाही, आणि सकाळी बेटावर धान्य पोहोचलेलं असतं, ही त्यांची तक्रार. आता विचार करा, त्या होड्या वल्हवणारे कोण? कुठल्या भरतीला निघायचं, कुठल्या खडकाला वळसा घालायचा, मतलई वारा पहाटे किती वाजता पडतो, हे ज्ञान कुठल्या सरदाराकडे नव्हतं. ते थळ-नवगावच्या कोळ्याभंडाऱ्यांच्या हातात होतं. 2025 च्या जुलैत खांदेरीचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. आपण आनंद केला, केलाच पाहिजे. पण त्या होडीतल्या माणसाचा चेहरा अजून कुणी रंगवलेला नाही.

दुसरी जागा कुलाबा. बांधकामाचा हुकूम महाराजांनी 1680 च्या मार्चमध्ये दिला, 3 एप्रिलला ते गेले, आणि काम संभाजीराजांनी पुरं केलं. गुरुजींनी मला पाठवलं तेव्हा मी तट पाहिला, पण कळलं काही नव्हतं. मोठमोठे चिरे एकावर एक ठेवलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटते, पाणी फटीत शिरतं, आपला जोर हरवतं आणि परत निघून जातं. पक्का दर्जा भरला असता तर तोच मारा भिंतीवर आला असता. हे ज्या पाथरवटाला सुचलं त्याचं नाव आपल्याजवळ नाही. कादंबरीकाराला ते नाव देता येतं. तेवढा अधिकार कादंबरीचा आहे.

पण त्या अधिकाराला बंधन आहे, आणि तेही त्याच किल्ल्यात दिसतं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. सहलीला आलेली मुलं त्यांच्यावर बसून फोटो काढतात आणि कुणीतरी मोठं माणूस सांगतं, “ही कान्होजींची तोफ.” जरा वाकून अक्षरं वाचा. यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि 1849 हे साल आहे. कान्होजी 4 जुलै 1729 ला गेले. आंग्र्यांचं राज्य 1840 च्या सुमारास इंग्रजांनी खालसा केलं. म्हणजे ही तोफ आंग्र्यांची नव्हे, आंग्रे गेल्यावर आलेल्यांची. ज्या कादंबरीत कान्होजी ही तोफ डागतील ती कादंबरी तिथेच मिटून ठेवावी. पाथरवटाचं नाव कल्पनेने द्या, त्याची बायको, त्याचा ताप, त्याचं गाणं, सगळं कल्पनेने द्या. तोफेवरचं साल मात्र बदलू नका. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. राजाचे संवाद पानोपानी कल्पनेने रचले जातात आणि पाथरवटाला एक ओळ मिळत नाही.

कान्होजींबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आपण त्यांच्या छत्रीपासून हाकेच्या अंतरावर बसलो आहोत. इंग्रजांच्या कागदांत ते चाचे आहेत. मुंबईकर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून 1721 च्या अखेरीस या किनाऱ्यावर चाल केली, कमोडोर मॅथ्यूजची शाही जहाजंही आली, आणि कुलाबा घेता आला नाही. हे सगळं वीररसाचं साहित्य आहेच. पण मला खुणावते ती 1712 ची एक हकीकत. मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज कारवारहून येताना आंग्र्यांच्या आरमाराने पकडलं. त्यावर एक तरुण इंग्रज बाई होती, नवरा लढाईत मेलेला. 1713 च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिला सोडलं. ते महिने तिने कुठल्या माडीवर काढले? तिला भाकरी कोण करून द्यायचं? तिच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं? तिच्या दाराशी बसणारी आंग्र्यांच्या घरातली कुळंबीण तिच्याकडे कशी पाहायची? दोन बायका, एकीला दुसरीचा शब्द कळत नाही, आणि बाहेर गुराबांना डांबर लावायचं काम चाललेलं. यापेक्षा अधिक सामग्री कादंबरीकाराने कुणाकडे मागावी?

तिसरी जागा राजपुरीची खाडी, आणि तिथे मला सगळ्यात अवघड गोष्ट बोलायची आहे.

तिथल्या सिद्दीच्या जंजिऱ्यावर मोरोपंत पिंगळ्यांनी 1676 मध्ये मोहीम केली. लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्री तटाला शिड्या लावल्या, लोक चढायला वेळेवर आले नाहीत, पहाट व्हायच्या आत तो शिड्या काढून परतला, असं सांगतात. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. तो म्हणाला, मी दर्यावर फिरणारा, पालखीत कुठे बसू? तेव्हा त्याला एक गलबत दिलं आणि गलबताचं नाव ठेवलं ‘पालखी’. ही कथा आपण भाषणात सांगून टाळ्या घेतो. मी तिच्याकडे दुसऱ्या बाजूने बघतो. रात्रभर शिडी धरून पाण्यात उभा राहिलेला माणूस मागे वळून बघतोय आणि कुणी येत नाही. त्या रात्रीचे तीन-चार तास हाच कादंबरीचा सबंध ऐवज आहे.

आणि तटाच्या आत? तिथे कोण होतं? आपल्या कादंबऱ्यांत सिद्दी म्हणजे काळा, क्रूर, कपटी शत्रू, तेवढंच. तो शत्रू होता, त्याच्या फौजांनी या किनाऱ्यावर गावं जाळली, माणसं धरून नेली. यावर पांघरूण घालायचं कारण नाही. पण हे लोक पूर्व आफ्रिकेतून आले. त्यातले कित्येक गुलाम म्हणून विकले गेलेल्यांचे वंशज. आईबापांपासून तोडलेली पोरं अरबी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून दख्खनच्या बाजारात आली आणि त्यांच्यापैकी काहींनी असं राज्य उभं केलं जे थेट 1948 मध्ये भारतात विलीन झालं. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती धरलेला वाघासारखा प्राणी कोरलाय. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाताना ते शिल्प जवळ येतं तेव्हा मला नेहमी वाटतं, विकत घेतलेल्या माणसाच्या मनात असा पंजा किती दिवस वाढला असेल.

टोनी मॉरिसनने 1987 मध्ये ‘बिलव्हेड’ लिहिली. मार्गारेट गार्नर नावाच्या पळालेल्या गुलाम बाईने 1856 मध्ये पकडले जाताना आपली मुलगी परत गुलामीत जाऊ नये म्हणून तिला मारलं. त्या घटनेचं वर्तमानपत्रातलं एक कात्रण मॉरिसनच्या हाती लागलं होतं. न्यायालयाने, गोऱ्या वर्तमानपत्रांनी, मालकांनी त्या बाईबद्दल लिहिलं होतं. ती स्वतः काय म्हणाली असती ते मॉरिसनने कादंबरीत ऐकलं. अमेरिकेने यादवी युद्धावर कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या. मार्गारेट मिशेलच्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये, 1936 साली, तेच युद्ध मळेवाल्यांच्या माडीवरून दिसतं आणि गुलाम घरचे निष्ठावंत नोकर होऊन वावरतात. वाचकांनी ती डोक्यावर घेतली. मॉरिसनपर्यंत यायला आणखी पन्नास वर्षं लागली. पण ते तिथवर आले.

आपण या बाबतीत परके नाही. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्याग केला. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या माणसाला मिसिसिपीकाठचा गुलाम दिसला. आपल्याला मुरुड-जंजिऱ्याचा दिसला नाही. हे मला लागतं, आणि ते मी इथे स्पष्टपणे बोलतो.

कुणी म्हणेल, सिद्दीच्या मनात शिरलं तर महाराजांचा अपमान होतो. मुळीच होत नाही. ‘पानिपत’मध्ये अब्दालीच्या छावणीतही आपण गेलो, त्याने भाऊसाहेबांचं काही उणं झालं नाही. शत्रू लहान केला की त्याच्याशी झुंजणाऱ्यांचे कष्टही लहान होतात. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याजवळच्या आपल्या पद्मदुर्गाला रसद वेळेवर न पोहोचवणाऱ्या सुभेदाराला 1675 च्या जानेवारीत जे खरमरीत पत्र लिहिलं, त्यात सिद्दी किती बळकट आहे याची पुरी जाणीव आहे. तिथे पोकळ घोषणा नाही. धान्य, पैसा आणि दिरंगाईचा जाब आहे. महाराज स्वतः जितकं वास्तव पाहत होते तितकं आपल्या कादंबऱ्यांनी पाहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

भाषेबद्दल एक शब्द बोलून थांबतो. ऐतिहासिक कादंबरीचा मराठी संवाद एका साच्याचा झालाय. सगळे ‘जी’, ‘आज्ञा’, ‘मुजरा’ म्हणत उभे. कोळीवाड्यातली माणसं अशी कधी बोलली नसतील. आजही आगरी-कोळी बोलीत वाऱ्याला, पाण्याला, जाळ्याला, होडीच्या एकेका फळीला वेगळा शब्द आहे. भांगाचं पाणी वेगळं, उधाणाचं वेगळं. हे शब्द कुठल्याही दफ्तरात मिळणार नाहीत. ते सत्तरीच्या पुढच्या तांडेलांच्या तोंडी आहेत आणि बंदरात यांत्रिकी बोटी आल्यापासून त्यांचा वापर झपाट्याने संपतो आहे. शिडाचे शब्द तर जवळजवळ गेलेच. मोडी वाचणारे अजून मिळतील. शीड परबाणाला कसं बांधायचं ते शब्दांत सांगणारे उद्या मिळणार नाहीत.

म्हणून या वाचनालयाकडे माझं एक मागणं आहे. काउंटरवर एक जाड वही ठेवा. नवगाव, थळ, वरसोली, आक्षी, रेवदंडा, कोर्लई, राजपुरी इथून जो कुणी पुस्तक बदलायला येईल त्याने घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून एक शब्द विचारून आणावा आणि अर्थासह, गावाच्या नावासह त्यात लिहावा. माणसाचं वय लिहा, दिवस लिहा. समोर बसलेल्या शाळा-कॉलेजच्या मुलांना सांगतो, तुमच्यापैकी कुणीतरी ही कादंबरी लिहिणार आहे आणि त्याला ही वही लागणार आहे. मी आज पहिला शब्द लिहून जातो आहे. ओहोटी बघून किल्ल्यात जाऊन या.